एक मिलिमीटर मागे

दातांच्या मोठ्या रुग्णालयात, तळमजल्यावर जिन्याच्या मागे, एक लांबट खोली आहे. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, सुमारे नऊ हजार. प्रत्येकावर पेन्सिलीने एक आकडा, नाव नाही. नवखा माणूस या खोलीत शिरला की पहिल्यांदा स्वतःचं तोंड मिटून घेतो. तिथे काम करणाऱ्या बाईंना ते जमत नसे. त्यांचे वरचे चार दात इतके पुढे होते की ओठांनी त्यांच्याशी कधीच समझोता केला होता.

सगळे त्यांना प्लास्टरबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

काम सांगायला सोपं. वरच्या मजल्यावर डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेत. बाई त्या ठशात प्लास्टर ओतत, सुकवत, वरचा आणि खालचा जबडा वेगळा काढत. मग पेशंटने चावलेला मेणाचा तुकडा दोन जबड्यांच्या मध्ये ठेवून दोन्ही एकत्र मिटवत आणि मागची बाजू घासण्याच्या चाकावर सपाट करत. असा साचा पाठीवर उभा केला की माणूस तोंड मिटतो तसाच मिटतो. पट्टी लावायची, वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते मोजायचं. सगळी मदार त्या घासण्यावर. मिटवताना खालचा जबडा केसभर इकडे-तिकडे झाला, तर पट्टी खोटं बोलते आणि पट्टीला ते कळत नाही.

चोवीस वर्षांत बाईंच्या हातून असं झालं नव्हतं. विभागात न लिहिलेला एक नियमच होता: बाईंनी मिटवलेला साचा उघडून बघायचा नाही. नव्या डॉक्टरांना तो पहिल्याच आठवड्यात सांगितला जाई, संडास कुठे आहे ते सांगतात तसा.

मोजण्याला महत्त्व होतं, कारण तारा बसवून मिळण्याच्या जागा वर्षातून दोनदा, दर वेळी वीसच निघत. मागणारे चाळीस-पन्नास. पूर्वी तीन डॉक्टर माणसं समोर बसवून निवड करत. तेव्हा असं दिसून आलं की जागा बहुतेक देखण्या माणसांना मिळतात. ज्यांचा सगळा चेहरा नीट आणि दात तेवढे वाकडे, त्यांना बघून डॉक्टरांना हळहळ वाटे. ज्यांचं काहीच नीट नव्हतं त्यांच्या दातांकडे लक्ष जायला वेळ लागे. शिवाय माणसं रडत. म्हणून माणसं बंद झाली आणि साचे आले. साचा रडत नाही. गरजेच्या पाच श्रेण्या ठरल्या: पहिली म्हणजे घरी जा, पाचवी म्हणजे आधीच यायला हवं होतं. दात सहा मिलिमीटरच्या पुढे गेले की चौथी. चौथी आणि पाचवी आत, बाकी बाहेर.

पेशंटचं मतही विचारलं जाई, पण ते फक्त लिहून ठेवायला. दहा तोंडांचे फोटो असलेला एक तक्ता होता: पहिलं सगळ्यात सरळ, दहावं सगळ्यात वाकडं. 'यातलं तुमचं कोणतं?' हे विचारायचं काम बाईंकडे होतं. त्यातून त्यांना एक गोष्ट कळली होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारली नाही. ज्याला खरी गरज तो तिसऱ्या-चौथ्यावर बोट ठेवतो; ज्याला नाही तो आठव्या-नवव्यावर. एका गृहस्थांचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नसत, साधा पाव तोडता येत नसे. त्यांनी दुसरा फोटो दाखवला आणि बायकोने पाठवलंय म्हणाले. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात. माणसाचे तेच असतात, ही निसर्गाची काटकसर.

बैठकीआधी आणखी एक विधी होई. तिघांच्या पट्ट्या सारखं मोजतात ना, हे बघायला एक जुना साचा पेटीतून काढत आणि तिघेही तो मोजत. साडेसात मिलिमीटर, चौथी श्रेणी, एकमताने. मग साचा पेटीत परत. तो साचा बाईंचा होता. नोकरीला लागल्या त्या आठवड्यात हात बसावा म्हणून त्यांनी स्वतःच्याच तोंडाचा घेतला होता. ज्यांना हे ठाऊक होतं ते निवृत्त झाले. चोवीस वर्षांत अठ्ठेचाळीस वेळा तीन-तीन तज्ज्ञांनी ठरवलं होतं की या व्यक्तीला उपचाराची नितांत गरज आहे, आणि अठ्ठेचाळीस वेळा ती व्यक्ती हातात तबक घेऊन शेजारी उभी होती.

या वेळी सेहेचाळीस साचे होते आणि त्यातला एकोणीस नंबर बाईंच्या भाचीचा होता.

भाची सतरा वर्षांची, धाकट्या बहिणीची एकुलती एक. तिला दात आहेत हे तिला वर्षभरापूर्वी कळलं. त्याआधी ती त्या दातांनी नुसतं खायची. मग कुणीतरी वर्गाचा फोटो काढला, तो सगळ्यांच्या फोनवर गेला, आणि तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरू लागली. पुढे तिने हसणं कमी केलं, म्हणजे हाताला काम कमी. गेल्या दोन महिन्यांत तिने चारचौघांत खाणंही सोडलं होतं. बहीण रोज फोन करायची. मोठ्या बहिणीपुढे तिने दाताच्या कण्या केल्या, असं म्हणायला हरकत नाही.

बाईंनी स्वयंपाकघरात खिडकीच्या उजेडात तिचं तोंड बघितलं होतं. साडेपाच. डोळ्यांनीच कळलं. तिसरी श्रेणी. चावता येतं, बोलता येतं, दात निरोगी.

"काही झालेलं नाहीये तुला," बाई म्हणाल्या. "आपल्या घरातले दात आहेत ते. माझे बघ की."

"तेच तर," भाची म्हणाली. "मला तुझ्यासारखं नाही दिसायचं, मावशी."

ती वाईट मुलगी नव्हती. बोलून झाल्यावर काय बोललो ते तिला कळलं आणि हात पुन्हा तोंडावर गेला. बहीण ओट्याकडे वळून उगाच एक स्वच्छ भांडं घासू लागली. बाईंनी चहा संपवला, कप विसळला, आणि सोमवारी ठसा द्यायला ये, असं सांगून निघाल्या. जिन्यात बहिणीने गाठलं.

"ताई, तुझ्या हातात आहे म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाच्या असतं तर मी तोंड उघडलं नसतं."

"माझ्या हातात प्लास्टर असतं फक्त."

"तेच म्हणतेय मी," बहीण म्हणाली.

सोमवारी भाचीचा ठसा झाला. तक्त्यावर तिने दहाव्या फोटोवर बोट ठेवलं. बाईंनी तसं लिहून घेतलं.

तिच्या मागे रांगेत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिशीच्या अलीकडची, बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा. तिने पहिला फोटो दाखवला, आणि खोटं नव्हतं ते. दात मोत्यांसारखे सरळ. डाव्या बाजूला सुळ्याच्या जागी मात्र अजून दुधाचा दात होता, बारकासा, न पडलेला.

"मग कशाला आलात?" बाईंनी विचारलं.

"टाचणी धरवत नाही हो, ताई. शिवताना तोंडात धरते ना मी, या दोन दातांत. महिनाभर झाला, निसटते. दात हलतोय की काय असं वाटतं. सगळे म्हणतात वेड लागलंय तुला, एवढे छान दात."

बाईंनी मान हलवली. मंगळवारी तिच्या ठशात प्लास्टर ओतलं. सुकल्यावर वरच्या जबड्याच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवला. पुढच्या दातांच्या मागे, टाळूवर, एक उंचवटा होता, वाटाण्याएवढा. बाईंचा अंगठा तिथे थांबला. नऊ हजारांपैकी पाच-सहा साच्यांवर असा उंचवटा त्यांना लागला होता. आत सुळा आडवा पडलेला असतो आणि पुढच्या दाताचं मूळ मुकाट खात असतो. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस दात हलतो आणि मग त्याचं काही करता येत नाही. ही पाचवी श्रेणी. पण साच्यावर तो नुसता एक फुगवटा; प्लास्टरचा बुडबुडाही तसाच दिसतो. एक्स-रे काढायची पाळी निवड झाल्यावरच येई. या साच्यावर नंबर पडला एकतीस.

बुधवारी दुपारी बाई एकोणीस मिटवायला बसल्या.

मेणाचा तुकडा भाचीने चावलेला, दातांचे खळगे स्पष्ट. बाईंनी तो कोमट पाण्यात बुडवला. एरवी अर्धं मिनिट ठेवत. या वेळी दोन मिनिटं ठेवला. मऊ झाला. वरचा जबडा टेबलावर पालथा, त्यावर मेण, त्यावर खालचा. अंगठा हनुवटीवर. त्यांनी तो एक मिलिमीटर मागे दाबला.

बोटांना ताबडतोब कळलं की हे चूक आहे. माणसाचे दात वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून त्यांचे बारीक चट्टे पडलेले असतात, कुलूप-किल्लीसारखे. ते जुळत नाहीत तेव्हा साचा हातात डुगडुगतो. मेण गार होईपर्यंत बाई तसाच धरून बसल्या. डुगडुग थांबली. मग त्यांनी चाक सुरू केलं आणि दोन्हींची पाठ एकत्र घासली. पांढरं पाणी वाहून गेलं. टेबलावर पाठीवर उभा केला; झकास उभा राहिला. पट्टी लावली. साडेसहा.

त्यानंतर त्यांनी उरलेले सत्तावीस साचे घासले. एकही वाकडा झाला नाही. हाताला मनाची खबर नसते, निदान चोवीस वर्षांनंतर नसते.

गुरुवारी अकराला बैठक. लांब टेबलावर हिरवं कापड, त्यावर सेहेचाळीस जबडे. मोठे डॉक्टर मधोमध. त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत आणि दात विसरता येत नसत. दोन्ही बाजूंना दोन तरुण डॉक्टर, एक उंच, एक चष्मेवाली. पेटीतला जुना साचा काढून तिघांनी मोजला. साडेसात, साडेसात, साडेसात. चौथी श्रेणी. "बिचारी कोण असेल ती," चष्मेवाली म्हणाली. साचा पेटीत गेला. बाई तबक धरून उभ्या होत्या.

साडेबारापर्यंत एकोणीस जागा भरल्या. सरळ प्रकरणं होती. शेवटची जागा उरली आणि टेबलाच्या मधोमध दोन साचे उरले: एकोणीस आणि एकतीस.

उंच डॉक्टरने एकोणीसला पट्टी लावली. "साडेसहा. स्पष्ट चौथी."

चष्मेवालीने एकतीस हातात घेतला. दुधाचा दात राहिलाय, म्हणाली. टाळूला काहीतरी आहे, की प्लास्टरचा बुडबुडा आहे? उंच डॉक्टर म्हणाला की असेल बुडबुडा, आणि बाकी दात तर जाहिरातीतले आहेत, आणि पेशंटने स्वतः पहिला फोटो दाखवलाय. संशयावर जागा कशी द्यायची? एक आकडा आहे, एक फुगवटा आहे. पुढच्या सहामाहीत बोलवू. मोठे डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. एकला त्यांना शिकवायला जायचं होतं.

बुडबुडा आहे का, हे खोलीत एकाच माणसाला सांगता आलं असतं, कारण तो साचा बाईंनीच ओतला होता. बाईंच्या ओतण्यात बुडबुडा येत नसे. एवढं जरी त्या बोलल्या असत्या तरी एकतीसचं काम झालं असतं. पण मग एकोणीसला पुन्हा हातात घेतलं असतं, शेजारी ठेवून बघितलं असतं. बाईंची दातखीळ बसली होती. पुढची सहामाही म्हणजे सहा महिने, असा त्यांच्या डोक्यात हिशोब चालला होता. मूळ सहा महिन्यांत किती खाल्लं जातं? कधी काहीच नाही. कधी सगळं.

मोठ्या डॉक्टरांनी पेन उघडलं आणि यादीच्या विसाव्या ओळीवर टेकवलं. एकोणीसातला एक काढला.

"सर," बाई म्हणाल्या. "एकतीसला बुडबुडा नाही."

पेन थांबलं. "म्हणजे?"

"आत दात आहे. आडवा. अंगठा लावून बघा."

मोठ्या डॉक्टरांनी अंगठा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "असेल," ते म्हणाले. "पण मग दोन झाले, बाई, आणि जागा एक. साडेसहा तर साडेसहाच."

आता गप्प राहिलं तरी चाललं असतं. जे बोलायचं ते बाई बोलल्या होत्या, आणि दोघींतली एक निवडायचं काम डॉक्टरांचं होतं.

"एकोणीस उघडा," बाई म्हणाल्या. "मेण काढा आणि हातात मिटवून बघा."

चोवीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी मेण सोडवलं, दोन्ही जबडे एकमेकांवर ठेवले. डुगडुगले. त्यांनी खालचा किंचित पुढे सरकवला आणि टक् असा आवाज आला. दात आपापल्या जागी बसले. पट्टी लावायची गरज नव्हती, तरी त्यांनी लावली. साडेपाच.

"मेण सरकलं असेल," चष्मेवाली घाईने म्हणाली. ती चांगली मुलगी होती. "उकाड्याने सरकतं."

दार उघडं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं.

"मेण आपोआप मागे सरकत नाही, मॅडम. मी सरकवलं. ती माझी भाची आहे."

मोठ्या डॉक्टरांनी टेबलावरच्या बाकी साच्यांकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या जिन्याकडे, ज्याच्या मागे नऊ हजार होते.

"याआधी किती वेळा?"

"एकदाही नाही."

"हे मी कशावरून मानू?"

मोठ्या डॉक्टरांनी शिकवणं रद्द करायला सांगितलं, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या नंबरचं मेण काढलं. हातात मिटवला. टक्. दुसरा. टक्. तिसरा.

पंचेचाळीस साचे व्हायला दोन तास लागले. बाईंना कुणी बसा म्हटलं नाही आणि त्याही बसल्या नाहीत. दर वेळी मेण निघालं की त्यांचे डोळे डॉक्टरांच्या अंगठ्यावर जात. स्वतःच्या हातावर त्यांचा काल दुपारपर्यंत विश्वास होता. सतराव्याला डॉक्टरांचा अंगठा अडखळला. त्यांनी पुन्हा बसवला. टक्. अडतीसाव्याला उंच डॉक्टर खिडकीशी जाऊन उभा राहिला. शेवटचा मिटला तेव्हा चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी होतं, बाईंच्या नव्हतं.

"पंचेचाळीसच्या पंचेचाळीस बरोबर," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि ते कौतुकासारखं वाटलं नाही. त्यांनी विसाव्या ओळीवरचा एक तसाच ठेवला, त्याच्या आधी तीन काढला.

शिवणवालीचा एक्स-रे दुसऱ्याच दिवशी झाला. सुळा आडवा होता, पुढच्या दाताचं मूळ तिसरा हिस्सा गेलेलं. दात वाचला. तिला तारा बसल्या, आणि पहिल्याच महिन्यात ती तक्रार घेऊन आली की या तारांमुळे तोंडात एकही टाचणी धरता येत नाही. दोन वर्षं धंदा कसा करायचा? बाईंनी तिला मनगटाला बांधायची टाचण्यांची गादी शिवून घ्यायला सांगितली. शिवायला सांगताय मला, म्हणून ती हसली. दात खरोखरच छान होते.

बहिणीने फोन करणं बंद केलं. शेवटचं बोलली ते एवढंच, की परक्या बाईसाठी घरच्या पोरीला लाथाडलंस, आणि तेही स्वतः करून मग. दुसरा भाग बाईंना जास्त लागला, कारण तो खरा होता.

भाची मात्र महिन्याभराने जिन्यामागच्या खोलीत आली, आईला न सांगता. तोंडावर हात होताच. तिला तिचा साचा बघायचा होता. बाईंनी एकोणीस काढून दिला, आता नीट मिटलेला. तिने तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मग टेबलावरच्या उघड्या पेटीतला जुना साचा उचलून शेजारी ठेवला. तेच दात, तोच मधला फट पडलेला जोड, फक्त आणखी पुढे.

"हे कुणाचं?"

"माझं. तुझ्यापेक्षा दोन मिलिमीटर पुढे."

"म्हणजे तुला मिळाली असती जागा?"

"दर वेळी मिळते."

भाचीने दोन्ही साच्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग घेतली का नाहीस?"

बाईंनी चाकाखालचं पांढरं पाणी पुसलं. पाव तोडता येत होता, म्हणाल्या.

"आणि हसताना?"

"हसताना मी कुठे बघायला जाते मला."

भाचीला यावर हसू आलं. हात अर्ध्यापर्यंत वर गेला आणि पुन्हा तोंडावर बसला. जाताना तिने विचारलं, पुढच्या सहामाहीला अर्ज करू का. कर की, बाई म्हणाल्या, साडेपाच भरेल. ती मान हलवून गेली.

मोठ्या डॉक्टरांनी लेखी आदेश काढला. यापुढे मागची बाजू घासताना दुसरं माणूस हजर राहील. उघडून न बघण्याचा नियम, जो कधी लिहिलाच नव्हता, तो रीतसर रद्द झाला. आणि बाईंना बैठकीच्या खोलीत येण्यास मनाई.

पन्नासावी बैठक त्याप्रमाणेच झाली. बाई खाली होत्या. तबक एका शिपायाने धरलं. पेटीतला जुना साचा काढून तिघांनी मोजला: साडेसात, चौथी श्रेणी, एकमताने.